पृथ्वीचे चार कोपरे

तांदळाला कोपरे नसतात. कच्चा ओतला तर ढीग होतो, शिजवला तर मूद पडते, चिकट जातीचा असला तर गोळा होतो. आपण होऊन तो कधी काटकोनात बसत नाही. उत्तर व्हिएतनाममधल्या समस्त बायकांना आणि निम्म्याअधिक पुरुषांना हे पक्कं ठाऊक आहे. तरीही चांद्र वर्ष संपायला दोन-तीन दिवस उरले की घरोघर जमिनीवर चटया पसरतात आणि अख्खं कुटुंब मांडी घालून तांदळाला कोपरे काढायला बसतं.

जे तयार होतं त्याचं नाव बान्ह चुंग. वीतभर लांब, तेवढाच रुंद, तीनेक बोटं जाड, वजनाला किलोच्या आसपास. बाहेर हिरवी पानं, आत चिकट तांदूळ, तांदळाच्या आत वाफवून घोटलेली मुगाची डाळ, आणि गाभ्यात मिरपूड चोळलेलं डुकराचं चरबीदार मांस. हे सगळं बांधून दहा-बारा तास उकळायचं. तेत, म्हणजे तिकडचा नववर्षाचा सण, याच्याशिवाय होत नाही. बाजारात तयार मिळतो. चांगला मिळतो. घरच्यापेक्षा चांगला मिळतो असंही काही जण मान्य करतात, पण ते बोलताना आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात.

घरी करण्याचा मुहूर्त मात्र कुणीतरी फार हुशारीनं काढलेला आहे. शेवटच्या चांद्र महिन्याच्या तेविसाव्या दिवशी स्वयंपाकघराचे देव सुट्टीवर जातात. वर्षभर चुलीपाशी बसून त्यांनी घरातलं सगळं पाहिलेलं असतं. आता ते मत्स्यारूढ होऊन स्वर्गात जाणार आणि जेड सम्राटापुढे कुटुंबाचा अहवाल ठेवणार. त्यांच्या प्रवासाची सोय म्हणून त्या दिवशी हनोईतले लोक तळ्यात जिवंत कार्प मासे सोडतात. देव परततात ते थेट वर्षाच्या शेवटच्या रात्री. आणि बान्ह चुंग बांधायचे दिवस कोणते? सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. म्हणजे अहवाल सादर झालेला आहे, निरीक्षक जागेवर नाही, आणि पुढच्या वर्षाचं खातं अजून उघडलेलं नाही. या तीन दिवसांत कोण कुणाच्या कोपऱ्याला काय म्हणालं, सुनेनं मीठ पाहून टाकलं की न पाहता, थोरल्या जावयानं मदत केली की मदतीचा देखावा केला, याची वर कुठेही नोंद होत नाही. त्यातून हल्ली महिनाही तोकडा पडलाय. 2025 पासून 2032 पर्यंत सलग आठ वर्षं शेवटच्या चांद्र महिन्याला तिसावा दिवसच नाही, एकोणतिसाव्यालाच वर्ष संपतं. तेव्हा भांडणंही आटोपशीर करावी लागतात.

चौकोन कशासाठी, असं विचारलं की लगेच गोष्ट सांगतात. चौदाव्या-पंधराव्या शतकात संकलित झालेल्या एका जुन्या कथासंग्रहात ती आहे, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. सहाव्या हुंग राजाला वारस निवडायचा होता. त्यानं मुलांना सांगितलं, पूर्वजांना अर्पण करायला जो सर्वांत उत्तम पदार्थ आणील त्याला राज्य. बाकीचे राजपुत्र डोंगर-समुद्र धुंडाळायला निघाले. अठरावा मुलगा लांग लिएउ गरीब, आई वारलेली, हाताशी माणसं नाहीत. त्याच्या स्वप्नात एक देवपुरुष आला आणि म्हणाला, तांदळाएवढं मोलाचं या जगात काही नाही. मग त्यानं दोन पदार्थ केले: शिजवलेला चिकट तांदूळ कुटून केलेला पांढरा, गोल, फुगीर बान्ह झाय, म्हणजे आकाश; आणि हिरवा, चौकोनी बान्ह चुंग, म्हणजे पृथ्वी. राजा प्रसन्न झाला. लांग लिएउला राज्य मिळालं.

ही गोष्ट ऐकताना बाकीच्या राजपुत्रांविषयी मला नेहमी वाईट वाटतं. वणवण करून, बोटी बुडवून, रानटी प्राण्यांच्या मागे धावून त्यांनी दुर्मीळ मेवा आणला, आणि घरी येऊन पाहतात तर धाकट्या भावानं कोठीतला तांदूळ शिजवून सिंहासन पटकावलेलं. शिवाय पाककलेच्या स्पर्धेत परीक्षक कोण, तर स्पर्धकांचे वडील. आज असा निकाल लागला असता तर बाकीचे सगळे न्यायालयात गेले असते. पण व्हिएतनामी लोकांना निकाल मान्य आहे. हुंग राजांच्या नावानं तिसऱ्या चांद्र महिन्याच्या दहाव्या दिवशी फू थो प्रांतात मोठा उत्सव भरतो, 2007 पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि उत्सवात बान्ह चुंग बांधण्याच्या चुरशीच्या स्पर्धाही होतात.

तेव्हा हा चौकोन साधासुधा नाही, ही पृथ्वी आहे. एकदा पृथ्वी म्हटल्यावर तिचा कोपरा दबलेला चालत नाही. चव जमली नाही तर पाहुणे समजून घेतात. कोपरा जमला नाही तर वर्षभर आठवण काढतात.

हनोईत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, तिथल्या आजींच्या हुकमतीत हा सोहळा चालायचा, त्यामुळे पृथ्वीच्या निर्मितीतली कामाची वाटणी मला जवळून पाहता आली. सर्वांत खालचं पद पानं धुणाऱ्याचं. ही झोंग नावाच्या रानटी झाडाची पानं: हातभर लांब, रुंद, गुळगुळीत. ती दोन्ही बाजूंनी एकेक करून धुवायची, पुसायची आणि मधली जाड शीर पान न फाटता पातळ करायची. वाचायला हे काव्यमय वाटतं. पण जानेवारीतल्या हनोईत बारीक पाऊस झिरपत असतो, घरांना हीटर नसतात, आणि नळाचं पाणी बोटांना चावतं. हे काम जावई, दूरचे भाचे आणि भाडेकरू यांच्यासाठी राखीव असतं. डाळ वाफवून घोटणं ही एक पायरी वर. मांस कापणं त्याहून वर. तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, त्याला मीठ लावणं ही सुनेची जागा, पण सासूच्या देखरेखीखाली. आणि प्रत्यक्ष बांधणं हे फक्त आजींचं. बाकीच्यांना बांधू देतात, नाही असं नाही. मग ते गुपचूप सोडून पुन्हा बांधतात.

बांधणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक साच्याचा. लाकडी चौकट घ्यायची, पानं काटकोनात दुमडून तिच्यात बसवायची, तांदूळ, डाळ, मांस, पुन्हा डाळ, पुन्हा तांदूळ असे थर द्यायचे, पानं वरून मिटायची, चौकट उचलायची. कोपरे आपोआप येतात. दुसरा पंथ हातानं बांधणाऱ्यांचा, आणि त्याला साच्याविषयी असलेला तिटकारा लपवता येत नाही. हनोईच्या दक्षिणेला त्रान्ह खुक नावाचं गाव बान्ह चुंगसाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या बायका साच्याकडे ढुंकूनही न पाहता मिनिटभरात एक ठोकळा बांधून बाजूला टाकतात. पानवाला गिऱ्हाइकाशी राजकारण बोलता बोलता विडा बांधतो तशी त्यांची नजर दुसरीकडेच असते, आणि तरी चारही कोपरे असे की गुण्या लावून पाहावा. आमच्या आजीही हातपंथाच्या. धाकट्या सुनेनं साचा आणलेला होता. तो तिनं दुपारी आजी झोपल्यावर बाहेर काढला. दोन ठोकळे बांधून होतात न होतात तोच आजी उठून आल्या, ठोकळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “छान झालेत. अगदी दुकानातल्यासारखे.” सून तासभर कुणाशी बोलली नाही.

आतल्या ऐवजावरून होणारे वाद तर दोन पिढ्या पुरतील. मांसाला मासळीचं खारं पाणी, म्हणजे न्युओक माम, लावायचं की नाही? व्हिएतनामी माणूस ते कशात घालत नाही असं नाही, पण इथे जुनी खोडं बजावतात की त्यानं ठोकळा लवकर आंबतो; मीठ आणि मिरपूड, बस. मांस चरबीचं हवं. आरोग्याबद्दल वाचून आलेली नातवंडं दरवर्षी बिनचरबीच्या मांसाचा प्रस्ताव मांडतात आणि दरवर्षी तो आवाजी मतदानानं फेटाळला जातो, कारण दहा तासांत ती चरबी वितळून डाळीत उतरते आणि तीच तर खरी गंमत. पानाची गडद बाजू तांदळाकडे ठेवायची, म्हणजे शिजताना हिरवा रंग उतरतो. एवढ्या एका मुद्द्यावर घरात एकमत होतं.

शेवटी बांबूच्या ओल्या, पातळ सोललेल्या पट्ट्यांनी ठोकळा आवळायचा. किती? सैल बांधला तर पाणी शिरून तांदळाचा लगदा होतो. करकचून बांधला तर तांदळाला फुगायला जागा राहत नाही, तो आत कच्चट राहतो नाहीतर पान फाडून बाहेर येतो. बरोबर किती ते आजींना विचारलं तर त्यांनी माझं मनगट धरून दाबून दाखवलं. एवढं. ते माप माझ्या मनगटावर अर्धा तास उमटलेलं होतं, पण ते पट्टीवर उतरवायची सोय नव्हती.

आता माझ्या शाकाहाराचा प्रश्न. तो मी काढला नव्हता. आजींनीच मोजणी करताना काढला.

“तुझ्यात मांस नाही घालायचं?”

“नाही.”

“जरासुद्धा?”

“नाही, आजी.”

“पोटाला काही झालंय का?”

व्हिएतनाममध्ये शाकाहार अपरिचित नाही. अनेक बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी जेवतात, आणि मांसाशिवायचा बान्ह चुंगही विधिवत अस्तित्वात आहे. आजींची अडचण एवढीच होती की मी तो आज, सत्ताविसाव्या दिवशी, कोणतंही कारण नसताना मागत होतो. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि मला एकदाचं खात्यात बसवलं. “म्हणजे याच्याकडे रोजच पौर्णिमा!” असं त्यांनी घरभर जाहीर केलं. मग दुप्पट डाळ, दुप्पट मिरपूड घालून एक निराळा ठोकळा बांधला, ओळखू यावा म्हणून त्याला लाल दोरा बांधला, आणि मोठ्या प्रेमानं तो बाकीच्या सगळ्यांबरोबर त्याच पातेल्यात सोडला. माझा चेहरा पाहून त्यांनी समजूत घातली: पानांचे पदर एवढे आहेत, बांधणी माझी आहे, त्यांचं बाहेर येणार नाही आणि तुझ्यात आत जाणार नाही. युक्तिवादात कुठेही फट नव्हती. पुण्याला फोनवर आईला सणाचं वर्णन करताना मी पानांवर बराच वेळ बोललो आणि पातेल्याचा विषय सोडून दिला.

पातेलं चुलीवर चढलं की घरातल्या पुरुषांचं आगमन होतं. तोपर्यंत ते टेहळणीवर असतात. उकळणं हे रात्रभराचं, विस्तवाचं आणि जोखमीचं काम असल्यामुळे ते आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. तळाशी उरलेले देठ आणि पानांचे तुकडे अंथरायचे म्हणजे ठोकळे लागत नाहीत. पाणी सतत ठोकळ्यांच्या वर राहिलं पाहिजे. कमी झालं तर उकळतंच ओतायचं, गार ओतलं तर पाप. एवढ्या तीन गोष्टींसाठी चार पुरुष, एक पत्त्यांचा जोड, तांदळाच्या दारूची बाटली आणि निखाऱ्यात खुपसलेली रताळी लागतात. दर तासाला एक जण झाकण उचलून आत पाहतो आणि गंभीरपणे म्हणतो, “उकळतंय.” बाकीचे मान डोलावतात. मुलांना आपापल्या नावाचा एकेक चिमुकला ठोकळा बांधून मिळालेला असतो. तो लहान असल्यामुळे आधी शिजेल या आशेवर ती जागतात, आणि शिजतो तेव्हा झोपलेली असतात.

हनोईत आता चूल कुठे मांडायची हाच मोठा प्रश्न आहे. बाराव्या मजल्यावरच्या सदनिकेत सरपण पेटवता येत नाही, आणि पूर्वी फुटपाथवर सर्रास धुमसणाऱ्या, भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्यांच्या शेगड्या 2020च्या अखेरपर्यंत हद्दपार करायच्या असं शहरानं ठरवलं होतं. म्हणून काही इमारती खालच्या आवारात सामायिक पातेलं लावतात. जुन्या लोकांना त्यात नवं काही वाटत नाही. 1986च्या आर्थिक सुधारणांपूर्वी, शिधापत्रिकांच्या काळात, चिकट तांदूळ, मूग, मांस सगळंच कुपनावर रांग लावून मिळायचं. एवढं मोठं पातेलं आणि एवढं सरपण एकेकट्याकडे कुठलं असणार? चार-पाच घरं मिळून तेलाचं पिंप आणायची आणि सगळ्यांचे ठोकळे एकत्र उकळायची. आपला कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घराची दोऱ्याची खूण निराळी. त्या काळाबद्दल बोलताना आजींचा स्वर हळवा होतो, पण पाच मिनिटांतच एका शेजारणीवर येऊन ठेपतो, जिची खूण दरवर्षी उकळताना “सुटून जायची” आणि जिच्या वाट्याला दरवर्षी मांस जास्त असलेले ठोकळे यायचे.

पहाटे ठोकळे बाहेर काढतात, गार पाण्यात धुतात आणि फळ्यांमध्ये रचून वर वजन ठेवतात, म्हणजे पाणी निथळतं आणि पृथ्वी सपाट होते. वजन म्हणून विटा, पाण्याच्या बादल्या, आणि आमच्या घरी मोठ्या मुलाचे व्यायामाचे डंबेल्स. वर्षातून तेवढाच एक दिवस ते उचलले जात.

एवढ्या कष्टांनी राखलेला हा चौकोन सर्वमान्य आहे असं समजू नये. देशाच्या दक्षिणेत तो चालतच नाही. तिथे याच जिनसांचा लांबट, नळकांड्यासारखा बान्ह तॅत करतात, झोंगऐवजी केळीच्या पानात. मेकाँगच्या खोऱ्यातले कारागीर त्यात असा काही भात-डाळीचा डाव मांडतात की चकती कापली की आत रंगीत अक्षरं उमटतात, “सुख”, “दीर्घायुष्य” वगैरे. उत्तरेतल्या लोकांना हा दिखाऊपणा वाटतो. दक्षिणेतल्यांना उत्तरेची चार कोपऱ्यांची काळजी हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. चकत्या सारख्या पडतात, कोपऱ्यातल्या तुकड्यात डाळ कमी आली म्हणून कुणी रुसत नाही. तिकडे उत्तरेच्या टोकाला, हा झांगच्या डोंगरात, पाठीला चक्क कुबड असलेला ठोकळा बांधतात. आणि ताय जमातीचे लोक तांदळाला पेंढ्याची राख चोळून काळाकुळकुळीत बान्ह चुंग करतात; पृथ्वीचा रंग हिरवाच कशावरून हे विचारायची त्यांना गरज वाटलेली नाही.

पण खरा सुरुंग लावला तो त्रान क्वोक वुओंग (1934–2005) या नामवंत इतिहासकारांनी. त्यांचं म्हणणं असं की मूळचा बान्ह चुंग चौकोनी नव्हताच. तो लांबट गोल होता, दक्षिणेतल्या बान्ह तॅतसारखा. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी ही कल्पना चीनमधून आलेली. ती नंतर चिकटली. पुरावा हनोईच्या वेशीवरच आहे: को लोआ या प्राचीन राजधानीच्या गावात अजून लांबट बांधतात. एवढ्यावर ते थांबले असते तर ठीक होतं. पुढे त्यांनी असंही सुचवलं की लांबट बान्ह चुंग आणि गोल बान्ह झाय ही जोडी मुळात स्त्री-पुरुषांच्या सुफलनाची प्रतीकं असावीत. हे मी आजींना जमेल तेवढ्या सभ्य भाषेत सांगितलं. त्या हातातलं पान न सोडता म्हणाल्या, “प्राध्यापक होते ना? मग त्यांना कोपरा जमत नसणार.”

सणाच्या दिवशी ठोकळ्यांची जोडी आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यात जाते. मग कापायचा कार्यक्रम. सुरी चालत नाही, भात तिला चिकटून बसतो. बांधायला वापरलेल्या बांबूच्या पट्ट्याच आणखी बारीक चिरून ठोकळ्यावर आडव्या, उभ्या आणि तिरप्या मांडतात, वर ताट ठेवून तो उलटा करतात आणि पट्ट्यांची टोकं एकेक करून विरुद्ध बाजूला ओढतात. आठ त्रिकोण सुटे होतात, प्रत्येकात डाळ आणि मांस सारखं. सोबत मुरवलेले छोटे कांदे. पहिला तुकडा अप्रतिम लागतो. दुसरा चांगला लागतो. तिसऱ्याला माणूस पुढच्या घरी जायचंय असं सांगतो, आणि पुढच्या घरी ताटात तोच त्रिकोण वाट पाहत असतो. दरम्यान ठोकळे जोडीजोडीनं भेट म्हणून फिरत असतात. एका काकूंनी दिलेली जोडी दुसऱ्या काकूंकडे, त्यांची मामांकडे, आणि मामांची, दोऱ्याची गाठ ओळखीची वाटते न वाटते तोच, पुन्हा आपल्याकडे. सणाच्या चौथ्या दिवशी फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा नसते.

मग सून तवा काढते. फ्रीजमध्ये दगड झालेला ठोकळा सोलून तव्यात टाकायचा आणि काड्यांनी चेचत, दाबत, पसरत राहायचं. कोपरे, थर, डाळ, मांस, सगळं एकमेकांत मिसळून तव्याएवढी गोल, जाड चकती होते आणि दोन्ही बाजूंनी सोनेरी, कुरकुरीत भाजली जाते. आजी पहिला तुकडा स्वतः उचलतात. तेल घालून भाजायचं की नुसत्या पाण्याचा हबका मारून, यावर हल्ली देशभर मतभेद आहेत. धाकटी सून पाण्याच्या बाजूची आहे. आजी तेलाच्या. देव केव्हाच परत येऊन चुलीपाशी बसलेले असतात, पण त्याची आता कुणी फिकीर करत नाही.